दात्यांची साक्ष : ट्रकचा मागचा आस घरी उघडण्याची विद्या



वसंतातल्या व्याख्यानांत संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण हे विषय आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. त्या मानाने आजचा विषय जरा तेलकट वाटेल. ट्रकच्या मागच्या आसात जी दंतचक्रे बसविलेली असतात, ती काढून दुसरी कशी बसवितात, आणि हे काम कारखान्याबाहेर, आपल्या घरी, एखादा गृहस्थ करू शकतो तो कशाच्या बळावर, हे आम्ही आज सांगणार आहोत. श्रोत्यांपैकी कोणी उद्या सकाळी पाना घेऊन ट्रकखाली शिरावे, अशी आमची अपेक्षा नाही. परंतु या कामात माप आणि पुरावा यांना जे स्थान आहे, ते ध्यानात घेण्यासारखे आहे.

प्रथम हे घडते कोठे, ते सांगितले पाहिजे. आपण ट्रक म्हटला की सहा किंवा दहा चाकांची मालमोटार डोळ्यांपुढे येते. अमेरिकेत ट्रक हा शब्द ज्याला आपण पिकअप म्हणतो त्या गाडीलाही लावतात. पुढे बसण्याची जागा, मागे उघडा हौदा. तेथील गावोगावच्या घरांना गाडी ठेवण्यासाठी स्वतंत्र खोली असते, तिला गॅरेज म्हणतात, आणि सुटीच्या दिवशी या खोलीत आपली गाडी आपणच दुरुस्त करण्याची चाल तेथे जुनी आहे. तेल बदलणे, ब्रेकचे गुटके बदलणे ही कामे पुष्कळजण करतात. मात्र मागच्या आसाचे झाकण उघडायचे म्हटले की धीट माणूसही क्षणभर थांबतो.

मग हे झाकण उघडण्याची गरज का पडते? एक कारण उघड आहे. दाते झिजतात, बेरिंग वाजू लागते. दुसरे कारण हिशेबाचे आहे. समजा, एखाद्याच्या ट्रकला २९ इंच व्यासाचे टायर आहेत. शेतात, चिखलात जाता यावे म्हणून त्याने ३३ इंची टायर बसविले. चाक मोठे झाले म्हणजे एका फेऱ्यात ते अधिक अंतर कापणार. त्यामुळे त्याच वेगाला इंजिनाचे फेरे सुमारे १२ टक्क्यांनी कमी होतात. गाडी जड ओढू लागते. चढावर दम टाकते. पूर्वी मागच्या चक्रांचे प्रमाण ३.५५ असेल, म्हणजे इंजिनाकडून येणारा दांडा ३.५५ वेळा फिरला की चाक एकदा फिरत असेल, तर आता ते प्रमाण ३३ भागिले २९ या पटीने वाढवावे लागेल. उत्तर येते सुमारे ४.०४. बाजारात जवळचा संच मिळतो तो ४.१० चा. तो बसविला की ट्रकची पहिली ताकद परत येते. मात्र ट्रकची चारही चाके ओढणारी असतील, तर पुढच्या आसातही तेच प्रमाण बसवावे लागते. नाहीतर पुढची आणि मागची चाके एकमेकांशी झगडू लागतात आणि मधले यंत्र मोडते.

आता या आसाच्या पोटात आहे तरी काय? त्यासाठी बैलगाडीपासून सुरुवात करू. बैलगाडीची दोन्ही चाके कण्यावर आपापली मोकळी फिरतात. त्यामुळे वळणावर बाहेरचे चाक जास्त चालते, आतले कमी चालते, आणि कोणाचे काही अडत नाही. मोटारीत चाकांना आतून जोर द्यावयाचा असतो. दोन्ही चाके एकाच अखंड दांड्याला घट्ट बसविली, तर वळणावर एका चाकाला फरफटत जावे लागेल. दोन चाकांतील अंतर १.६ मीटर धरले, तर काटकोनात एक वळण घेताना बाहेरचे चाक आतल्यापेक्षा सुमारे अडीच मीटर जास्त चालते. गंमत अशी की, वळण लहान असो वा मोठे असो, काटकोनाचे असले की हा फरक तेवढाच राहतो.

हा फरक सांभाळणारे यंत्र म्हणजे डिफरन्शियल. फ्रान्समधील ओनेसिफोर पेकूर या घड्याळजीने १८२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस वाफेच्या गाडीसाठी त्याचे एकस्व घेतले. पेट्रोलची मोटार रस्त्यावर येण्याच्या अर्धशतकाहून अधिक आधीची ही गोष्ट आहे. त्याचे तत्त्व आपल्याला बैलांच्या जुवावरून कळेल. जू मध्यावर बांधलेले असते. एक बैल अर्धे पाऊल पुढे गेला, तर दुसरा तेवढाच मागे राहतो. गाडी मात्र दोघांच्या सरासरीने पुढे सरकते, आणि दोघांच्या मानेवर भार सारखाच पडतो. डिफरन्शियलमध्ये जुवाचे काम लहान दंतचक्रे करतात. गाडी सरळ चालली असता ती स्वतःभोवती फिरत नाहीत; वळणावर फिरतात, आणि एक चाक जेवढे मंदावते तेवढेच दुसरे वेग घेते. यात एक उणेपणही आहे. एक चाक चिखलात सापडून नुसते गरगरू लागले, तर कोरड्या जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच थोडा जोर मिळतो, आणि गाडी जागची हलत नाही. म्हणून चिखलात जाणारे लोक चक्रे बदलतानाच हे घसरणे आवरणारे वेगळ्या बनावटीचे डिफरन्शियलही बसवून घेतात.

या डिफरन्शियलला फिरविते ती चक्रांची मोठी जोडी. मोठ्या चक्राला आपल्याकडचे मिस्त्री क्राउन म्हणतात आणि लहानाला पिनियन. इंजिनाकडून लांब दांड्यातून आलेली गती पिनियन काटकोनात वळवून क्राउनला देते. ४.१० च्या संचात क्राउनला ४१ दाते असतात आणि पिनियनला १०, ३.७३ च्या संचात बहुधा ४१ आणि ११. ४१ हाच आकडा का, असे कोणी विचारील. ४० आणि १० अशी जोडी केली असती, तर पिनियनच्या एका दात्याची गाठ जन्मभर क्राउनच्या त्याच चार दात्यांशी पडली असती, आणि एखाद्या दात्यात खोड असली तर ती त्याच चौघांना भोगावी लागली असती. ४१ ला दहाने किंवा अकराने भाग जात नाही. म्हणून प्रत्येक दात्याची प्रत्येक दात्याशी पाळी येते आणि झीज सर्वांत वाटली जाते. मागच्या आसातले लोखंडही अशी वाटणीची रीत पाळते!

या चक्रांचे दाते सरळ नसतात, वळसेदार असतात. असे दाते कापण्याची यंत्रे बनविण्यात न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील ग्लीसन कारखान्याचे नाव मोठे आहे. विल्यम ग्लीसन यांनी तिरक्या दंतचक्रांचे दाते कापणारे यंत्र १८७४ साली सिद्ध केले. त्यांची कन्या केट ग्लीसन लहानपणापासून वडिलांच्या कारखान्यात काम करू लागली, आणि १९१४ साली अमेरिकेच्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेची पहिली स्त्री सभासद झाली. भगिनीवर्गाने हे नाव ध्यानात ठेवावे. पुढे पिनियनचा मध्य क्राउनच्या मध्याच्या खाली उतरवून बसविण्याची हायपॉइड रचना आली आणि १९२६ साली पॅकार्ड मोटारींत ती वापरली गेली. त्यामुळे दांडा खाली गेला आणि गाडीचा तळही खाली आणता आला. परंतु या रचनेत दाते एकमेकांवर लोळतात तसेच जोराने घसरतातही, म्हणून त्यांना साधे तेल पुरत नाही. गंधक आणि फॉस्फरस यांची संयुगे मिसळलेले दाट तेल लागते. ज्याने मागच्या आसाचे झाकण एकदा उघडले, तो त्या तेलाचा उग्र वास सहसा विसरत नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. ट्रक सपाट, टणक जमिनीवर उभा करावयाचा, पुढच्या चाकांना पाचरी लावावयाच्या, मागचा भाग जॅकने उचलून भक्कम घोड्यांवर टेकवावयाचा. नुसत्या जॅकच्या भरवशावर ट्रकखाली शिरणे म्हणजे जिवाशी खेळ होय. मग झाकणाचे बोल्ट ढिले करून तेल काढून घ्यावयाचे. बऱ्याच आसांत चाकांचे दांडे आतल्या टोकाला इंग्रजी सी अक्षरासारख्या कड्यांनी अडकविलेले असतात. मधली खीळ काढून दांडे किंचित आत ढकलले की कड्या सुटतात आणि दांडे बाहेर ओढता येतात. त्यानंतर येतात बेरिंगांवरच्या दोन टोप्या. कारखान्यात या टोप्या बसवून मगच त्यांचे भोक एकसंध कोरलेले असते. म्हणून डावी उजवीकडे किंवा वरची बाजू खाली अशी अदलाबदल चालत नाही. शहाणा माणूस त्या काढण्यापूर्वी त्यांवर खुणा करतो. बेरिंगांशेजारच्या पातळ चकत्याही ज्या बाजूच्या त्या बाजूला, कागदावर लिहून ठेवतो. काही आसांत क्राउनचे बोल्ट उलट्या आट्यांचे असतात. ते न कळता जोर लावला तर बोल्टच तुटतो. उघडण्याचे काम असे स्मरणाचे आणि खुणांचे आहे.

बसविण्याचे काम मोजण्याचे आहे. मोजावयाच्या गोष्टी मुख्यतः तीन.

पहिली, पिनियनची खोली. पिनियन क्राउनच्या किती जवळ बसावे, हे त्याच्या डोक्याजवळच्या बेरिंगाखाली घातलेल्या चकतीच्या जाडीवर ठरते. आपल्या घरी जाते होते, तेव्हा डाळ भरडावयाची असली म्हणजे वरचा दगड किंचित उचललेला राहावा म्हणून खुंट्यावर चिंधीची घडी बसवीत. चकतीचे काम त्याच जातीचे, फरक सूक्ष्मतेचा. इंचाच्या हजाराव्या भागाला आपले कारखान्यातले कामगार थाऊ म्हणतात. माणसाचा केस साधारण दोन ते चार थाऊ जाडीचा असतो. पिनियनखालची चकती एका केसाच्या जाडीने बदलली, तरी दात्यांचा मिलाफ बदललेला दिसतो. पहिल्या अंदाजाला जुनीच चकती घालतात. मग कमीजास्त करीत जातात. पण बेरिंग घट्ट दाबून बसविलेले असते आणि ते पुनःपुन्हा काढले तर खराब होते. म्हणून घरी काम करणारे लोक जुन्या बेरिंगाचे आतले भोक थोडे घासून मोठे करतात आणि चाचणीपुरते ते वापरतात. हाताने निघते, हाताने बसते. माप जमले की मग नवे बेरिंग दाबून बसवितात.

दुसरी, पिनियनच्या बेरिंगांवरचा दाब. दोन बेरिंगांच्या मध्ये बहुधा एक पातळ पोलादी नळी असते. पिनियनचा नट आवळत गेले की ती नळी चिरडत जाते आणि बेरिंगे हळूहळू दाबली जातात. नळी चिरडण्यास पुष्कळ आसांत २०० ते ३०० फूट-पौंड जोर लागतो. लांब दांड्याच्या पान्यावर माणूस अक्षरशः लोंबकळतो. आणि परिणाम मोजावयाचा तो पिनियन हाताने फिरविण्यास लागणाऱ्या विरोधाने. नव्या बेरिंगांना तो साधारण १५ ते ३० इंच-पौंड असावा लागतो, म्हणजे लावलेल्या जोराच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास. म्हणून नट थोडा आवळावा, विरोध मोजावा, पुन्हा थोडा आवळावा, पुन्हा मोजावा. नट एकदा मर्यादेपलीकडे गेला, तर तो मागे फिरवून भागत नाही. चिरडलेली नळी पुन्हा फुगत नाही. ती टाकून नवी घालावयाची आणि पहिल्यापासून आरंभ करावयाचा.

तिसरी, दोन चक्रांमधली मोकळीक. मिस्त्री तिला प्ले म्हणतात. पिनियन धरून क्राउन पुढेमागे हलविले, तर ते किंचित हलले पाहिजे. अगदीच हलत नसेल, तर गरम झाल्यावर दाते एकमेकांत रुततील आणि तेलाला जागा उरणार नाही. फार हलत असेल, तर प्रत्येक झटक्याला दात्यांवर घाव बसेल. अनेक आसांना ही मोकळीक ६ ते १० थाऊ सांगितलेली असते, म्हणजे मिलिमीटरचा सुमारे सहावा ते चौथा हिस्सा. ती डोळ्याला नीट दिसत नाही. काट्याच्या तबकडीने, म्हणजे डायलने, मोजावी लागते, आणि तीही क्राउन फिरवून तीन-चार ठिकाणी. क्राउनच्या दोन्ही बाजूंच्या चकत्या कमीजास्त करून ती साधतात. त्याच चकत्यांनी क्राउनच्या बेरिंगांवरही योग्य दाब ठेवावा लागतो. म्हणून एका बाजूची चकती कमी केली, तर दुसऱ्या बाजूला तेवढीच भर घालावी लागते.

येथवर आपण आकड्यांवर विश्वास ठेवला. आता खुद्द दात्यांना विचारावयाचे. दंतवैद्य दात भरल्यावर रंगीत कागद दातांत धरून चावावयास सांगतो, आणि उंचवटा कोठे राहिला ते रंगाच्या ठशावरून पाहतो. येथेही तेच करतात. क्राउनच्या काही दात्यांना पिवळा रंग लावतात, क्राउनला थोडा अडसर धरून पिनियन दोन्ही दिशांना फिरवितात, आणि रंग कोठे पुसला गेला ते पाहतात. ठसा दात्याच्या उंचीच्या मध्याला उमटला, तर पिनियनची खोली बरोबर. दात्याच्या माथ्याकडे उमटला, तर पिनियन दूर राहिले, जाड चकती हवी. मुळाकडे उमटला, तर ते फार आत घुसले, चकती कमी करावयास हवी. तिन्ही मापे पुस्तकाप्रमाणे आली आणि ठसा मात्र वाकडा आला, तर कोणाचे ऐकावे? ठशाचे. आपल्या मोजण्यात चूक होऊ शकते, जुनी चकती या नव्या जोडीला लागू नसू शकते; परंतु दाता जेथे टेकला तेथेच तो उद्या चालत्या गाडीत टेकणार आहे. क्राउन आणि पिनियन ही कारखान्यात जोडीनेच घासून जुळविलेली असतात, त्यांवर जोडीचा एकच क्रमांक कोरलेला असतो. आणि ती एकमेकांशी कशी नांदणार हे त्यांच्या ठशावाचून कोणी सांगू शकत नाही. ठसा पटला नाही, तर पुन्हा सारे उकलावयाचे, चकती बदलावयाची, पुन्हा रंग लावावयाचा. असे पाच-सहा वेळा करावे लागले, तरी त्यात कमीपणा नाही.

झाकण लावले म्हणजे काम संपले, असेही नव्हे. नवे तेल भरून पहिले १५-२० मैल गाडी बेताने हाकावयाची आणि मग पुरती थंड होऊ द्यावयाची, असे दोन-तीनदा. ओझे ओढावयाचे नाही. सुमारे ५०० मैलांनी तेल बदलावयाचे, कारण जुळताना झडलेला धातूचा चुरा त्यात उतरलेला असतो. वेग दाखविणारा काटाही नव्या हिशेबाने दुरुस्त करून घ्यावा लागतो.

येथे एक आक्षेप कोणी घेईल, आणि तो घेण्यासारखा आहे. हा सगळा खटाटोप घरी कशासाठी? ज्याचे ते काम त्याने करावे. मिस्त्रीने शंभर आस उघडलेले असतात. त्याचा हातच त्याला सांगतो की, प्ले जास्त आहे. गृहस्थाने हे एकदाच करावयाचे, आणि चुकले तर काय? बेरिंग जळून पिनियन अडकले, तर धावत्या ट्रकची मागची चाके जागच्या जागी जखडू शकतात. रस्त्यावर त्या वेळी दुसऱ्यांची मुलेमाणसेही असतात.

हा आक्षेप आम्ही टाळीत नाही. आमचे म्हणणे इतकेच की, त्याचे उत्तर मापात आहे. शंभर आसांचा अनुभव ज्याच्या हातात नाही, त्याला डायल, पाना आणि रंगाचा ठसा तो अनुभव उसना देतात. कारण सहा ते दहा थाऊ हा आकडा हजारो जणांच्या अनुभवातूनच ठरलेला आहे. परंतु हे उसने देणे सशर्त आहे. जो मोजील, लिहून ठेवील आणि ठसा चुकला तर पुन्हा उकलील, त्यालाच ते मिळते. ज्याला संध्याकाळपर्यंत झाकण लावून मोकळे व्हावयाचे आहे आणि जो वाकड्या ठशाकडे पाहून ‘चालून जाईल’ म्हणतो, त्याने ट्रक मिस्त्रीकडेच न्यावा. त्यात त्याचे आणि रस्त्यावरच्या लोकांचेही हित आहे. त्याचप्रमाणे, कितीही अनुभवी मिस्त्री असला, तरी त्याने ठसा पाहिला का, हे विचारण्याचा आपला अधिकार आहे. चांगला मिस्त्री त्या प्रश्नाने रागावत नाही. उलट तो झाकण लावण्यापूर्वी आपल्याला बोलावून ठसा दाखवितो.

हा प्रश्न आता कायद्यापर्यंतही पोचलेला आहे. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने असे ठरविले की, गिऱ्हाइकाने दुसऱ्या कोणाचे भाग वापरले एवढ्याच कारणावरून कारखानदाराला हमी नाकारता येणार नाही. २०१२ साली मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी मोटारींच्या दुरुस्तीची माहिती मालकांना व स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांना मिळावी असा कौल दिला. आपल्या देशातही केंद्र शासनाने २०२२ च्या जुलैमध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यासाठी संकेतस्थळ उघडले. मोटारी व शेतीची अवजारे त्याच्या कक्षेत येतात. हे योग्यच झाले. वस्तू आपण विकत घेतली, तर तिच्या पोटात काय आहे हे जाणण्याचा हक्क आपला असला पाहिजे. मात्र कायदा आपल्याला झाकण उघडण्याचा हक्क देईल. आत गेल्यावर नीट मोजण्याची सवय देणार नाही. ती आपली आपणच लावून घ्यावी लागते.

आपल्याकडे ही सवय नव्हती असे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले, आणि त्यातूनच पुढे एक उद्योग उभा राहिला. परंतु हाताने काम करणारा एकीकडे आणि पुस्तक वाचणारा दुसरीकडे अशी जी फूट आपल्या समाजात पडली, तिची किंमत दोघांनीही मोजली. मिस्त्रीचे ज्ञान कागदावर उतरले नाही, म्हणून ते त्याच्याबरोबर गेले. आणि सुशिक्षिताचे ज्ञान कागदावरच राहिले, म्हणून त्याची परीक्षा झाली नाही. मागच्या आसाच्या कामात या दोघांवाचून भागत नाही. पान्यावर लोंबकळणारा आणि चकतीची जाडी वहीत लिहिणारा हा एकच माणूस असावा लागतो.

तेव्हा श्रोतेहो, आपल्या मुलामुलींपैकी कोणी घरातली एखादी वस्तू उकलून बसला, तर त्याच्या हातातला पाना काढून घेऊ नका. त्याच्या शेजारी एक वही ठेवा, टोप्यांवर खुणा केल्यास का असे विचारा, आणि झाकण लावण्यापूर्वी ठसा दाखव म्हणून सांगा. पुढे तो कोणत्याही धंद्यात गेला, तरी ही सवय त्याच्या उपयोगी पडल्याशिवाय राहणार नाही.